वासाचा रकाना

माझ्या घरात रॉकेल नसतं. वीज आली त्याच्याही आधीपासून नसतं. शेजारणी हसत, "सुभद्राबाई, चूल पेटवायला तरी थेंबभर ठेवा!" मी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या फुंकत बसायची, डोळ्यांतून पाणी काढायची, पण बाटली उंबऱ्याच्या आत घेतली नाही. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगायला बसले आहे ते दौलतआबांबद्दल, माझ्याबद्दल नाही. पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर ती बाटली वाटेत येतेच.

दौलत बोरसे, म्हणजे आबा, नगरपालिकेत नोकरीला होते. कुठल्या गावच्या ते लिहीत नाही. जळगावहून एस.टी.नं तासाभरावर, एवढंच धरा. तिथली माणसं अजून आहेत आणि मला अजून भीती वाटते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. गावात कापसातून सरकी काढायच्या तीन जीन होत्या, दोन तेलाच्या गिरण्या होत्या. कापूस यायला लागला की दसऱ्यापासून थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गावाच्या अंगावर धुराची गोधडी पडलेली असे. त्या धुराकडे बघायला नगरपालिकेनं एक माणूस ठेवला होता. एकच. त्याचं टेबल जिन्याखाली, आणि कागदावरचा हुद्दा इतका लांब की तो पुरा कुणी वाचला नसेल. लोक म्हणत, धूरवाले आबा. मूळचे धुळ्याचे. तरुणपणी मुंबईला जाऊन बॉयलरची परीक्षा दिली, तिथे धुराच्याच खात्यात नोकरी केली, आणि पन्नाशी आली तशी आपल्या मुलखात परतले. बायको मुंबईतच वारली होती, मूलबाळ नव्हतं. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती.

मी मुलींच्या शाळेत शिपाईण होते. माहेर देवगडच्या बाजूला. तिसरीत असताना आईचं बाळंतपण आलं आणि माझी पाटी फळीवर गेली ती गेलीच. माझे यजमान जीनच्या प्रेसमध्ये फिटर म्हणून इकडे आले, मीही आले. दुसऱ्या उन्हाळ्यात ते पोटाच्या दुखण्यानं गेले. भावाचं पत्र आलं, त्यात सगळं होतं, फक्त 'ये' नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला हंगामी म्हणून ठेवून घेतलं. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, माठ भरायचे. कायमचा कागद येईल-येईल म्हणत होते. तो कागद येईपर्यंत मी चालतानासुद्धा पावलांचा आवाज होऊ देत नव्हते.

अशात एका सकाळी मी माठ भरत होते आणि फाटकातून एक उंच, वाळका, खाकी कोटातला माणूस आत आला. खांद्यावर गोणपाट, त्यात भांड्यांचा खणखणाट. सरळ माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"कसाना वास शे, बाई?"

मला ती बोली तेव्हा नीटशी कळत नव्हती. मी घाबरून म्हटलं, "मी काही केलं नाही हो."

"तसं नव्हे." ते शहरी मराठीवर आले. "हवेला वास कसला येतोय, एवढं सांगा. मला येत नाही."

बॉयलरांच्या वाफेत की कोळशाच्या धुरात, कुठेतरी त्यांचं नाक गेलं होतं. पार गेलं होतं. ज्याला गावाची हवा राखायला ठेवलं, त्याला वास म्हणून येत नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत, लपवत नसत. "डोळा आहे, हात आहे, तराजू आहे. नाक तेवढं उसनं घ्यावं लागतं," असं म्हणत. कुणालाही रस्त्यात थांबवून विचारत. यावलकडून केळीच्या गाड्या येत, त्यांच्या गाडीवानांना विचारत. पोरं मुद्दाम काहीबाही सांगत, "आबा, जिलबीचा!" आणि आबा तेही ऐकून घेत.

मी हवा ओढून बघितली. म्हटलं, "सरकीच्या तेलाचा. आणि खाली कोळशाचा. आणि... ओल्या पोत्याचा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं सोनं सापडलंय. "खाली कोळशाचा," ते पुटपुटले. "वर-खाली कळतं तुम्हाला?"

आमच्या गावी समुद्रावरचा वारा फिरला की मासळीचा वास कुठल्या बंदराचा ते बायका सांगायच्या. त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आबांनी माझं नाक उसनं घेतलं.

गोणपाटात पांढऱ्या, खोलगट एनॅमलच्या थाळ्या होत्या. तशा गावात सहा ठिकाणी सहा ठेवायच्या होत्या. शाळेचं छप्पर म्हणजे मातीचं सपाट धाबं. त्याच्या मधोमध विटा रचून त्यांनी एक थाळी ठेवली, कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून वर तारेची जाळी. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचं. हवेतून जे पडेल ते पाण्यात बसेल. महिना सरला की पाणी उन्हात आटू द्यायचं, तळाशी राहील ते पिसानं पुडीत झाडून घ्यायचं. बस, एवढंच माझं काम.

आणि वही. त्यांनी मला एक वही दिली, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल दिली. चार रकाने आखून दिले: तारीख, वारा, धूर, वास. मी म्हटलं, "माझं अक्षर वाईट आहे."

"धुराचं तरी कुठे चांगलं असतं?" ते म्हणाले.

तिसरीनंतर पहिल्यांदा माझ्या हातात कुणी वही दिली होती. शाळेत मला सगळे सुभद्रे म्हणत, शिक्षिका 'ए' म्हणत. 'बाई' म्हणणारे आबा एकटेच. शिक्षिकांना म्हणत त्याच सुरात. ते 'बाई' ऐकलं की मी नकळत पदर सारखा करी.

आठवड्यातून एकदा ते येऊन वही बघत. खालच्या कोपऱ्यात बारीक 'दौ. बो.' अशी सही करत. एकदा मी वासाच्या रकान्यात 'चांगला' असं लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "चांगला हा वास नाही. तो तुमचा निकाल आहे. वास लिहा." मी आठवून लिहिलं, 'भिजलेली माती, शेजारच्या घरी कांदा.' मग सही झाली. दुसरी ताकीद त्यांनी पहिल्याच दिवशी दिली होती. "थाळी सांडली, फुटली, कुणी हलवली, तर 'सांडली' लिहायचं. रिकामी थाळी खोटं बोलत नाही. बोलतो तो माणूस." मी मान डोलावली होती.

त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात एक कार्ड असे. त्यावर काळ्या रेघांच्या चौकटी, एकीपेक्षा दुसरी दाट. ते हात पुरा लांब करून, डावा डोळा मिटून, ते कार्ड जीनच्या धुराड्यासमोर धरत आणि कुठली चौकट धुराशी जुळते ते बघत. भर बाजारात, सायकली अंगावरून जात असताना, पुतळ्यासारखे उभे. चहावाला ओरडायचा, "आबा, आज धुरले किती मार्क?" आबा हात न हलवता सांगत, "नापास." रोज हीच चेष्टा आणि रोज हेच उत्तर.

पण ते कामगारांवर चिडणारे नव्हते. शाळेच्या पश्चिमेला भिंतीला भिंत लावून मोठी जीन होती. तिथला बॉयलरवरचा फायरमन सुपडू, नशिराबादचा, अंगानं रेड्यासारखा. एकदा त्याचं धुराडं काळाकुट्ट धूर ओकत होतं आणि आमच्या तिसरीच्या वर्गात फळासुद्धा दिसेना. आबा मला म्हणाले, "चला, वही घ्या." मी घाबरत मागे. आत भट्टीचं तोंड उघडं, सुपडू फावड्यानं कोळशाचा ढीग आत लोटतोय.

"आरे, लहान पोरले घास देतस तसा दे," आबा म्हणाले. "थोडा थोडा. बठ्ठा एकदम टाकशी त धूरच व्हई."

सुपडू भडकला. "आबा, पंधरा वरीस झाले, मी कोयसा टाकू राह्यलो. तुम्ही मले शिकवता काय?"

आबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि फावडं घेतलं. अर्धा तास ते भट्टीपुढे होते. पातळ थर, मग थांबायचं, हवेची झडप जराशी उघडायची, मग पुन्हा पातळ थर. मी बाहेर जाऊन वर बघितलं. काळा धूर करडा झाला, करड्याचा पांढुरका, आणि मग धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसली. मी ओरडले, "आबा, दिसत नाही! धूर दिसत नाही!"

सुपडूनं बाहेर येऊन बघितलं, डोकं खाजवलं. "आन् वाफ तेवढीच?"

"जास्तच."

"मंग मले आतालोक कोनी सांगलं काहून नाही?"

"मालकाले घाई, तुले भीती. सांगणार कोण?" आबा कोट घालत म्हणाले. सुपडूनं त्या दिवशी घरून आलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आमच्यापुढे ठेवलं. आबांना चव अर्धीच लागे. प्रत्येक घासाला हिरवी मिरची चावत. "ही तरी सांगते की आपण जेवतोय." मग मला विचारलं, "भरताला वास कसला?" मी सांगितलं, पऱ्हाटीवर भाजलेल्या सालीचा, लसणाचा, वरून कच्च्या तेलाचा. ते डोळे मिटून ऐकत होते आणि चावत होते. माझं बोलणं संपलं तशी त्यांनी उरलेली भाकरी बाजूला ठेवली.

पण सुपडूच्या हातानं भागणारं नव्हतं. हंगाम जोरात आला की मालक दोन पाळ्या लावी, कोळसा हलका आणी, आणि धुराडं मुळातच बुटकं. शाळेच्या धाब्याहून थोडंसंच उंच. पश्चिमेचा वारा सुटला की सगळं आमच्या खिडक्यांत. आबांचं म्हणणं एकच होतं: धुराडं वीस हात वाढवा. त्यासाठी पुरावा हवा, म्हणून थाळ्या.

पुड्या वजन करायला ते सराफाकडे नेत. इतकी बारीक वस्तू तोलणारा तराजू गावात दुसरा नव्हता. काचेच्या पेटीतला सोन्याचा काटा, एका पारड्यात धूळ, दुसऱ्यात गुंजा. लाल, काळ्या टिकल्याच्या. मी एकदा बरोबर गेले होते. म्हातारे सराफ चष्म्यावरून बघत म्हणाले, "आबा, याचं घडवायचं काय? पाटल्या की बांगड्या?"

आबा काट्यावरून नजर न काढता म्हणाले, "घडलंय शेठ. पोरींच्या छातीत."

सराफांनी त्यानंतर चेष्टा केली नाही आणि तोलायचं कधी काही घेतलंही नाही.

छातीत म्हणाले ते उगीच नव्हे. तिसरीच्या वर्गात खिडकीशी कमल नावाची मुलगी बसायची. तिचा खोकला मी घंटेच्या जागेवरून ओळखायची, कोरडा, दोनदा-दोनदा येणारा. आबा वही बघायला आले की वर्गाबाहेर थोडा वेळ उभे राहत. मला वाटे, कविता ऐकताहेत. एकदा त्यांचा हात बघितला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ते खोकला मोजत होते.

पाच महिन्यांच्या पुड्या झाल्या. शाळेची पुडी दर वेळी सगळ्यांत जड. आबांनी अहवाल लिहायला घेतला होता. नगरपालिकेच्या कमिटीची बैठक वैशाखात ठरली, हंगामाचा शेवटचा महिना धरून. आबा म्हणाले, "या शेवटच्या थाळीची पुडी बैठकीत सर्वांसमोर उघडू. आपल्या डोळ्यांनी बघू देत."

मग आखाजी आली.

खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. बायका माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. शाळेला सुटी. आदल्या दिवशी मी एकटी. शाळेसमोरच्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता आणि त्यांच्या गाण्यांचा आवाज भिंतीवरून येत होता. मला माहेर नव्हतं जायला. मग करायचं काय? मी शाळेची सगळी भांडी काढली. माठांची झाकणं, तांबे, घंगाळ, डाव. राखेनं घासत सुटले. धाब्यावर वाळत घालायला नेली, तिथेही घासत राहिले. हात चालत होते आणि मन देवगडला होतं. खालच्या गाण्याचा शेवट आला तेव्हा मी खाली बघितलं, तर माझ्या हातात ती पांढरी थाळी होती. लख्ख. जाळी बाजूला काढून ठेवलेली. महिनाभराची धूळ माझ्या नारळाच्या काथ्यात आणि राखेत.

'सांडली' लिहायचं. एवढंच करायचं होतं. तीनच अक्षरं. पण परवा बैठक होती. सगळ्यांसमोर उघडायची पुडी रिकामी निघाली तर शिपाईण कोण, हे विचारतील. आणि त्याच आठवड्यात माझा कायमचा कागद यायचा होता. मी वही उघडली, पेन्सिल धरली. हात हलला नाही.

मी खाली आले. पडवीत कंदील होता, त्याच्या काचेत काजळी दाट होती. ती खरवडली. रॉकेलच्या चिमणीची खरवडली. चिमूटभर रस्त्याची धूळ घातली. मागच्या महिन्याच्या थाळीचा तळ मला पाठ होता, रंगसुद्धा जमला. पाणी घातलं, उन्हात ठेवलं. वैशाखातलं ऊन, दुपारभरात आटलं. मग वहीत तारीख लिहिली, वारा लिहिला, धूर लिहिला. वासाच्या रकान्यापाशी आले आणि तो कोरा ठेवला. खोटी थाळी भरणारी मी, त्या एका रकान्यात मात्र खोटं लिहू शकले नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

आबा आले, या वेळी स्वतःच पिसानं धूळ पुडीत झाडून घेतली, वही घेतली, बघितली, खाली 'दौ. बो.' केलं. "बैठकीला तुम्हीही या, बाई," म्हणाले. "वही तुमची आहे."

नगरपालिकेच्या दिवाणखान्यात लांब टेबल, पंखे, पंधराएक माणसं. मी दाराशी उभी. आबांनी अहवाल वाचला. न अडखळता वाचला. सहा थाळ्या, सहा महिने, वाऱ्याच्या दिशा. दोन-तीन मेंबर पुढे वाकून ऐकत होते. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे धुराडं वाढवलं तर हे सगळं थांबेल?" आबा म्हणाले, "थांबणार नाही. शाळेवरून जाईल." कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. मला वाटलं, झालं. आता होईल.

मग आबांनी शेवटची पुडी टेबलावर उघडली.

जीनचे मॅनेजर तिथे होते. गोरेपान, शांत गृहस्थ. त्यांनी पुडी ओढून घेतली, बोटानं चिमूट घेतली आणि सवयीनं नाकाशी नेली. थांबले. पुन्हा नेली.

"साहेब," ते अध्यक्षांना म्हणाले, "आमच्या बॉयलरात दगडी कोळसा जळतो. रॉकेल जळत नाही. याला रॉकेलचा वास येतोय."

पुडी हातोहात फिरली. प्रत्येक जण हुंगायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. कुणी हसलं. "आबांनी घरच्या कंदिलाचं पीक आणलं वाटतं!" पुडी फिरत फिरत आबांपाशी आली. त्यांनीही ती नाकाशी नेली. का नेली असेल? मी ते दृश्य विसरू शकत नाही. एवढ्या मोठ्या माणसानं, जिथे काहीच येणार नाही तिथे पुडी धरली आणि वाट बघितली.

मग ते उठले, टेबलाला वळसा घालून दारापाशी आले, आणि पुडी माझ्यापुढे केली.

"कसला वास येतोय, बाई?"

सगळा दिवाणखाना माझ्याकडे बघत होता. पण आबांच्या डोळ्यांत संशय नव्हता. मी सांगेन ते खरं, एवढंच होतं. मी 'नाही येत' म्हटलं असतं तर ते सगळ्यांशी भांडले असते. 'येतो' म्हटलं असतं तर...

"मला सर्दी झालीय, आबा," मी म्हटलं.

बाहेर लू वाहत होती. पंखेसुद्धा गरम वारा ढकलत होते. आबा माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही. मग अगदी हळू, माझ्यापुरतंच, त्यांच्या बोलीत म्हणाले,

"वैशाखमा सर्दी?"

आणि पुडीची घडी घातली. चारी कडा नीट मोडून.

"बोरसे, हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"थाळी माझी. पुडी माझी. अहवालाखाली सही माझी."

"म्हणजे तुम्ही कबूल करता की—"

"मी सांगितलं तेवढंच लिहा."

त्यांनी खोटं नाव घेतलं नाही, खरंही घेतलं नाही. मीही माझं नाव घेतलं नाही. एका पुडीनं बाकीच्या सगळ्या पुड्या खोट्या ठरल्या. अहवाल दप्तरी गेला आणि महिन्याभरात जिन्याखालचं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं.

थाळ्या गोळा करायला ते शेवटचे आले तेव्हा मी चहा केला. त्यांनी घेतला. धाब्यावर गेले, थाळी उचलली, पुन्हा विटांवर ठेवली.

"ही राहू द्या. पाणी घालत जा."

"आता तोलणार कोण, आबा?"

"धूळ पडायची थांबत नाही ना?" जिना उतरताना थांबले. "तुमचा कायमचा कागद आला?"

"आला."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यात टोमणा असता तर मी आज हे लिहिलं नसतं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

पुढच्या हंगामात कमल शाळेत आली नाही. तिचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. पण रिकाम्या वर्गात झाडू मारताना खिडकीशी मला दोनदा-दोनदा खोकला ऐकू येई. मी झाडू थांबवला की तोही थांबे. सुपडू कधी भिंतीपलीकडून हाक मारी, "मावशे, आबाची काही खबर?" मी नाही म्हणे. तो कोळसा पातळ टाकायचा तेवढा टाकी, आणि दुसरी पाळी लागली की पुन्हा काळं. मी रोज तांब्याभर पाणी घाली. वही भरे, नवी आणी. महिन्याच्या शेवटी पुडी बांधून ट्रंकेत ठेवी. सहीची जागा रिकामी. रात्री त्या ट्रंकेवरच अंथरूण घाली, आणि मला वाटे, अख्ख्या गावाची छाती माझ्या डोक्याखाली आहे.

तीन वर्षांनी मी धुळ्याला गेले. मोठ्या बाईंच्या कामासाठी एस.टी.नं पाठवलं होतं. पिशवीत कागदपत्रं, आणि खाली सगळ्या पुड्या आणि पहिली वही. पत्ता विचारत पांझरा नदीच्या काठी त्यांच्या पुतण्याच्या घरी पोचले. पुतण्याची बायको म्हणाली, "आबा? ते काय, नदीवर. दुसरं शे काय त्यास्ले काम?"

ते काठावरच्या दगडावर बसले होते. खूप वाळले होते. कोट तोच. मला बघून उठायला लागले, "या बाई, बसा." जणू आठवड्यानं वही बघायला आले होते.

मी पुड्या काढून त्यांच्यासमोर मांडल्या. त्यांनी एकेक उघडली. बोटांत चोळली, कार्डावर ठेवून रंग बघितला, घडी घातली. कितीतरी वेळ. मग सगळ्यांत खालची वही हातात घेतली. तो दिवस त्यांना शोधावा लागला नाही. वही आपोआप तिथेच उघडली.

"हा रकाना कोरा राहिलाय," ते म्हणाले. "मी सही केली तेव्हाच बघितलं होतं. तुम्ही कधी कोरा सोडला नव्हता."

म्हणजे बैठकीच्या आधीच. रकाना कोरा आहे हे ठाऊक असून, का ते ठाऊक नसून, त्यांनी पुडी माझ्यापुढे केली होती. मला संधी दिली होती. पाण्यावरून वारा येत होता.

"कसला वास होता, बाई?"

"रॉकेलचा," मी म्हटलं.

दोऱ्याला बांधलेली पेन्सिल अजून वहीला होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी मांडीवर वही घेऊन त्या रकान्यात लिहिलं: रॉकेल. त्यांनी वही परत घेतली, वाचली, आणि खालच्या कोपऱ्यात, आधीच्या सहीच्या शेजारी, पुन्हा बारीक 'दौ. बो.' केलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

मी रडले असेन. ते नदीकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "तुमची एस.टी. चुकेल."

स्टँडवरून निघालेली गाडी पुलावरून गेली. मी खिडकीतून वाकून बघितलं. खाली काठावर ते उभे होते, उजवा हात पुरा लांब केलेला, डावा डोळा मिटलेला, कार्ड समोर धरलेलं. मी त्या दिशेला बघितलं. तिकडे धुराडं नव्हतं, चूल नव्हती, काही नव्हतं. आभाळ पार मोकळं होतं. तरी आबा ते चौकटी-चौकटीनं तपासून बघत होते, आणि पूल संपेपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही.